ऐकलेलं, पाहिलेलं, तपासलेलं: हजार वर्षांपूर्वीची एक चाळणी

घरच्या ग्रुपवर इतिहासाचा फॉरवर्ड आला नाही असा आठवडा जात नाही. कधी कुठल्याशा लढाईत पाच लाख सैन्य कापलं गेलेलं असतं, कधी शून्याचा शोध अरबांनी लावलेला असतो. त्याखाली कोणीतरी चिडून लिहितं की अरबांनी काहीही शोधलं नाही, सगळं आपल्याकडूनच उचलून नेलं. नवा ऐतिहासिक चित्रपट आला किंवा पाठ्यपुस्तकातला एखादा धडा बदलला, की दोन्ही बाजूंचे मेसेज धो धो येतात. परवा भाचीने विचारलं, "मावशी, यातलं खरं कुठलं ते ठरवायचं कसं?"

तिला मी ज्यांच्याबद्दल सांगत बसले, त्यांच्याबद्दलच इथे लिहिते आहे. आजच्या इराकमधल्या बसरा शहरातला इब्न अल्-हैसम (सुमारे 965 ते 1040), मध्य आशियातल्या ख्वारिझममधला अल्-बिरूनी (जन्म 973), म्हणजे आपल्या शाळेच्या पुस्तकातला अल्बेरुनी, आणि उत्तर आफ्रिकेतल्या ट्युनिसमध्ये जन्मलेला इब्न खल्दून (1332 ते 1406). एकाने प्रकाशाचा अभ्यास केला, एकाने पृथ्वी मोजली आणि भारतावर ग्रंथ लिहिला, एकाने इतिहास लिहिला. कामं वेगळी, पण 'सांगितलं म्हणून मानायचं का?' हा प्रश्न तिघांनीही विचारला.

या मंडळींना एका शब्दात 'पौर्वात्य' म्हणायची पद्धत आहे. तो शब्द जरा जपून वापरावा. ट्युनिस नकाशावर रोमच्याही थोडं पश्चिमेला आहे, आणि इब्न खल्दूनचा मुलुख अरबीत 'मगरिब' म्हणून ओळखला जातो. मगरिब म्हणजे मावळतीचा देश. पूर्व कुठली, हे बघणारा कुठे उभा आहे त्यावर ठरतं.

स्थळाची चौकशी आपण कशी करतो?

घरात लग्नाचं स्थळ आलं की आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. मुलगा फार चांगला आहे, असं सांगणारा कोण? त्याने मुलाला स्वतः पाहिलंय की कोणाकडून ऐकलंय? त्याचा यात काही फायदा आहे का, तो मुलाचा सख्खा मामा तर नाही? आणि सगळ्यात शेवटी, सांगितलेला पगार त्या नोकरीत मिळू तरी शकतो का?

हे चार प्रश्न म्हणजेच ती चाळणी. अरबी विद्येत पहिल्या दोन प्रश्नांसाठी शिस्तशीर पद्धत आधीच होती. कोणाचंही वचन लिहिताना 'मला अमक्याने सांगितलं, त्याला तमक्याने' अशी सांगणाऱ्यांची साखळी जोडायची. तिला 'इस्नाद' म्हणतात. साखळीतली एक कडी कच्ची निघाली की वचन संशयास्पद. धर्मवचनांसाठी तयार झालेली ही सवय इतिहास लिहिणाऱ्यांनीही उचलली. आपल्या तिघांनी पुढचे दोन प्रश्न धारदार केले: सांगणाऱ्याचा हेतू काय, आणि गोष्ट मुळात शक्य आहे का?

कोकणातला शरभ आणि समोर पाहिलेला गेंडा

अल्-बिरूनीचं भारतावरचं पुस्तक 1030 च्या सुमारास पूर्ण झालं. त्याच्या सुरुवातीलाच तो म्हणतो की ऐकीव गोष्टीला डोळ्यांनी पाहिलेल्याची सर येत नाही. पण डोळ्यांना फक्त आज दिसतं आणि आपल्यासमोरचं दिसतं, त्यामुळे ऐकीव माहितीवाचून चालतही नाही. मग तो खोटं सांगणाऱ्यांचे प्रकार मांडतो. कोणी स्वतःच्या किंवा आपल्या जमातीच्या फायद्यासाठी खोटं सांगतो, कोणी एखाद्या गटावरच्या प्रेमापोटी किंवा द्वेषापोटी. कोणाचा स्वभावच तसा असतो. आणि कोणी नुसत्या अज्ञानाने, आधीच्याने सांगितलं म्हणून तेच पुढे सांगत राहतो. शेवटचा प्रकार वाचताना मला आमचा ग्रुपच डोळ्यांसमोर आला.

या पुस्तकात आपल्याकडचा एक प्रसंग आहे. धारहून दक्षिणेला जाणाऱ्या वाटेचं वर्णन करताना अल्-बिरूनी मराठ्यांच्या देशाचा उल्लेख करतो, मग कोकण आणि त्याची समुद्रकाठची राजधानी ठाणे. तिथे तो लिहितो की कोकणाच्या मैदानी भागात शरभ नावाचा प्राणी आहे, असं लोक सांगतात. त्याला चार पाय आहेतच, शिवाय पाठीवर वरच्या दिशेने चार पायांसारखं काहीतरी आहे. आकार म्हशीसारखा, पण गेंड्याहून मोठा. शिंगांनी तो हत्ती फाडतो. ढगांचा गडगडाट ऐकून त्याला वाटतं की कोणी प्राणीच आव्हान देतोय, म्हणून तो डोंगराच्या शिखरावर चढतो, तिथून झेप घेतो आणि दरीत पडून मरतो.

आपल्याकडे किल्ले हिंडणाऱ्याला शरभ वेगळा सांगायला नको. कितीतरी किल्ल्यांच्या दरवाजांवर तो कोरलेला आहे, कुठे पंजात तर कुठे शेपटीत हत्ती पकडलेला. म्हणजे अल्-बिरूनीच्या कानावर आलेली गोष्ट इथल्या लोकांच्या कल्पनेतली खरीखुरी गोष्ट होती. तो स्वतः कोकणात कधी आला नव्हता. त्याचं भारतातलं फिरणं मुख्यतः पंजाबच्या बाजूचं.

लगेच पुढे तो गेंड्याकडे वळतो. कातडी खवल्यांची, पायाला तीन नख्या, डोळे गालावर खूप खाली, नाकावर वर वळलेलं एकच शिंग. मग तो लिहितो की एका तरुण गेंड्याने हत्तीवर चाल केली, त्याचा पुढचा पाय जखमी केला आणि त्याला तोंडावर पाडलं, हे मी स्वतः पाहिलंय.

एका प्रकरणात, लागोपाठ दोन प्राणी. एकापुढे 'लोक सांगतात', दुसऱ्यापुढे 'मी पाहिलं'. शरभाला त्याने गाळलं नाही, कारण लोक काय मानतात हीसुद्धा माहितीच आहे. पण दोघांना एका पंगतीत बसवलं नाही. फॉरवर्डमध्ये हीच रेघ पुसलेली असते.

डोंगरावरून पृथ्वी कशी मोजायची?

हीच सवय विज्ञानात काय करते, ते पाहू. नवव्या शतकात बगदादच्या खलिफा अल्-मामूनने पृथ्वीचा घेर मोजायला माणसं पाठवली होती. त्यांनी सपाट वाळवंटात उत्तर-दक्षिण चालत जायचं, ताऱ्यांची उंची एक अंशाने बदलेपर्यंत. तेवढं अंतर मोजायचं आणि 360 ने गुणायचं. उत्तर मिळालं, पण ते बरोबर कशावरून? पुन्हा तेवढी माणसं वाळवंटात कोण पाठवणार?

अल्-बिरूनीने वाळवंट न तुडवता करायचा उपाय काढला. पंजाबात मिठाच्या डोंगररांगेत नंदना नावाचा किल्ला आहे, आज तो पाकिस्तानात आहे. त्याच्या एका बाजूला डोंगर आणि समोर सपाट मैदान. आधी त्याने खालून कोन मोजून डोंगराची उंची काढली: सुमारे 652 हात. मग माथ्यावर चढून क्षितिज डोळ्यांच्या पातळीपेक्षा किती खाली दिसतं तो कोन मोजला: 34 कला, म्हणजे अर्ध्या अंशाहून जरासा जास्त. पौर्णिमेचा चंद्र आकाशात जेवढा रुंद दिसतो, साधारण तेवढाच.

यावरून पृथ्वी कशी कळते? एक मुंगी मोसंब्यावर उभी आहे आणि एक मोठ्या कलिंगडावर, अशी कल्पना करा. मोसंबं लगेच खाली वळतं, म्हणून तिथल्या मुंगीला कड बरीच खाली दिसेल. कलिंगडावरच्या मुंगीला ती जवळजवळ समोरच दिसेल. उंची तीच ठेवली तर गोळा जितका मोठा, तितकं क्षितिज कमी खाली जातं. उंची आणि कोन हाती असले की बाकी त्रिकोणमिती करते. वाळवंटातलं जुनं उत्तर आणि त्याचं नवं उत्तर एकमेकांच्या जवळ आलं. दोन वेगळ्या वाटांनी एकाच गावी पोहोचलो की वाट चुकली नाही असं मानायला आधार मिळतो.

याही गोष्टीचा फॉरवर्ड फिरतो: अल्-बिरूनीची मोजणी आजच्या 6371 किलोमीटर त्रिज्येला एक टक्क्याच्या आत जुळते. पण त्याची मोजणी 'हात' या मापात आहे, आणि त्या काळचा हात किती सेंटिमीटरचा धरायचा यावर जुळणी हलते. शिवाय क्षितिजाजवळ हवेतून येणारा प्रकाश वाकतो, त्यामुळे एवढा बारीक कोन नेमका मिळणं फार कठीण. मला अल्-बिरूनीबद्दल मनापासून आदर आहे, आणि म्हणूनच त्याच्या नावावर टक्केवारी चिकटवलेली बघवत नाही. पद्धत अस्सल आहे, तिला त्या टेकूची गरज नाही.

डोळ्यांतून किरण निघतात का?

इब्न अल्-हैसमच्या आधी ग्रीक गणितज्ञांचं मत मोठं मानलं जाई. युक्लिड आणि टॉलेमी यांच्या मते डोळ्यातून किरण बाहेर पडतात आणि वस्तूला जाऊन भिडतात, म्हणून दिसतं. आपल्या बोलण्यातही 'नजर टाकली' हे आहेच.

इब्न अल्-हैसमने विचारलं, मग सूर्याकडे बघितल्यावर डोळे का दुखतात? प्रखर उजेड पाहून डोळे मिटले तरी ठसा का राहतो? म्हणजे काहीतरी बाहेरून आत येतंय. त्याच्या एका प्रयोगात अंधारी खोली आहे, तिला एक छिद्र, आणि बाहेर ओळीत दिवे. आत भिंतीवर जितके दिवे तितके उजेडाचे ठिपके पडतात. एक दिवा झाकला की त्याचाच ठिपका जातो, बाकीचे तसेच. म्हणजे प्रत्येक दिव्याचा प्रकाश सरळ रेषेत येतो आणि छिद्रात एकत्र होऊनही एकमेकांत मिसळत नाही. पत्र्याच्या छपराला भोक असेल तर दुपारी जमिनीवर उन्हाचा गोल कवडसा पडतो. भोक वेडंवाकडं असलं तरी कवडसा गोल, कारण तो सूर्याचा आकार आहे. लहानपणी आम्ही त्या कवडशाखाली तळवा धरायचो.

टॉलेमीच्या चुका दाखवणाऱ्या ग्रंथात तो म्हणतो की सत्य शोधणाऱ्याने जुन्या ग्रंथांवर विसंबू नये, जे वाचतो त्याचा विरोधक होऊन वाचावं, आणि स्वतःवरही संशय घ्यावा. शेवटची अट सगळ्यात अवघड आहे.

सहा लाखांचं सैन्य

इब्न खल्दूनने 1377 मध्ये आजच्या अल्जीरियातल्या एका गढीत राहून आपल्या इतिहासाची प्रस्तावना लिहिली. अरबीत तिला 'मुकद्दिमा' म्हणतात. आज मूळ इतिहासापेक्षा ही प्रस्तावनाच जास्त वाचली जाते.

त्यात तो एक जुनी गोष्ट घेतो. मूसाने (मोझेसने) वाळवंटात आपल्या लढू शकणाऱ्या माणसांची मोजणी केली आणि ती सहा लाखांहून जास्त भरली, असं आधीच्या मोठ्या इतिहासकारांनी लिहिलं होतं. धर्मकथेशी जोडलेला आकडा, सांगणारे नावाजलेले. इब्न खल्दून साखळी बाजूला ठेवतो आणि थेट चौथा प्रश्न विचारतो: हे शक्य आहे का? एवढ्या सैन्याच्या रांगा नजरेच्या पलीकडे जातील, एका टोकाला काय चाललंय ते दुसऱ्याला कळणार नाही, मग ते लढणार कसं? इराणचं साम्राज्य याहून कितीतरी मोठं होतं, त्यालाही एवढी फौज उभी करता आली नाही. आणि मूसाचा पूर्वज याकूब, त्याच्या घराण्यातली सत्तरेक माणसं इजिप्तमध्ये गेली, त्यानंतर मूसापर्यंत मोजक्याच पिढ्या झाल्या. तेवढ्यात सहा लाख लढवय्ये कुठून येणार?

मग तो म्हणतो की सैन्य, सरकारी वसुली आणि श्रीमंतांची संपत्ती यांचे आकडे फुगवण्याची माणसाला हौसच असते. प्रत्यक्ष हिशेब ठेवणाऱ्याला विचारा, सांगितलेल्याच्या दहावा हिस्साही निघत नाही.

हा प्रयोग घरी करून बघता येतो. एखाद्या सभेला 'लाखभर माणूस' होता असं ऐकलं की मैदान किती मोठं ते बघा. 100 मीटर लांब, 60 मीटर रुंद म्हणजे 6000 चौरस मीटर. अगदी खेटून उभी केली तरी चौरस मीटरला चार माणसं धरा. झाली 24 हजार. भाचीने हा गुणाकार वहीत केला आणि गावच्या जत्रेचे मेसेज तपासायला बसली.

इब्न खल्दूनची दुसरी परीक्षा मला जास्त आवडते. अलेक्झांडर काचेच्या पेटीत बसून समुद्राच्या तळाशी गेला आणि तिथल्या राक्षसी जलचरांची चित्रं काढून आला, अशी कथा होती. इब्न खल्दून म्हणतो की बंद पेटीत श्वासाची हवा तापेल आणि माणूस तिथेच मरेल. हमामखान्यात गार हवा बंद झाली किंवा खोल विहिरीत उतरलं तर माणसं मरतात, तसंच. कारण त्याने त्या काळच्या वैद्यकाप्रमाणे दिलंय, पण एका पुराणकथेला उत्तर म्हणून त्याने विहीर पुढे केली, हे लक्षात घ्या.

पण हे सगळं ज्ञान आपल्याकडूनच गेलं होतं ना?

आकड्यांच्या बाबतीत, होय. आणि ते लपवलेलं नाही. नाणेघाटातल्या सातवाहनांच्या लेखात दान दिलेल्या गाई आणि कार्षापणांचे (त्या काळच्या नाण्यांचे) आकडे कोरलेले आहेत, पण तिथे दहा, शंभर, हजार यांना वेगवेगळी चिन्हं आहेत. जागेवरून किंमत ठरवणारी पद्धत आणि शून्य पुढे भारतात पक्कं झालं. ब्रह्मगुप्ताने 628 मध्ये शून्यासह गणिताचे नियम लिहिले. 770 च्या दशकात भारतीय ज्योतिषगणित बगदादला पोहोचलं. नवव्या शतकात बगदादच्या अल्-ख्वारिझ्मी या गणितज्ञाने या आकडेमोडीवर पुस्तक लिहिलं, आणि तिला 'हिंदी हिशेब' म्हणूनच ओळखलं जाई. त्याच्या नावाच्या लॅटिन रूपावरून 'अल्गोरिदम' शब्द आला.

पण उचलून नेणं वेगळं आणि शिकून वाढवणं वेगळं. अल्-बिरूनी चाळिशी ओलांडल्यावर संस्कृत शिकला. योगावरचा पतंजलीचा ग्रंथ त्याने अरबीत आणला. भारतीय खगोलग्रंथांतलं जे पटलं ते घेतलं, जे चुकलं वाटलं ते स्पष्ट लिहिलं. आपल्यासारखा देश नाही, आपल्यासारखी विद्या नाही असं इथल्या विद्वानांना वाटतं, ही त्याची तक्रारही पुस्तकात आहे. ती वाचताना राग येतो. यावा. आणि मग ती खरी होती का, हेही विचारावं.

तो तर गझनीच्या महमुदाच्या पदरी होता!

हा आक्षेप रास्त आहे, तिसरा प्रश्नच आहे हा. महमुदाने 1017 मध्ये ख्वारिझम जिंकलं आणि अल्-बिरूनीला गझनीला नेलं. तो स्वतःच्या मर्जीने दरबारात गेला नव्हता. आणि त्याने लिहिलं काय? महमुदाने या देशाची भरभराट पार उद्ध्वस्त केली, हिंदू धुळीच्या कणांसारखे चहूकडे विखुरले, आणि त्यांच्या विद्या जिंकलेल्या मुलखातून दूर, काश्मीर-बनारसकडे निघून गेल्या. ज्या घराण्याच्या राज्यात राहायचं त्याच्याविरुद्ध जाणारी साक्ष दिली, तर तिचं वजन वाढतं. कोर्टातही आपण तेच मानतो.

मग यांचं सगळं बरोबर होतं का?

नव्हतं. डोळ्यात उलटी प्रतिमा पडते, हे इब्न अल्-हैसमला मान्य झालं नाही. दिसण्याचं काम डोळ्याच्या पुढच्या भागात होतं असं तो मानत राहिला. डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या उलट्या प्रतिमेचा उलगडा 1604 मध्ये केप्लर या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने केला. इब्न खल्दूनने काळ्या वर्णाच्या लोकांबद्दल लिहिलेलं आज वाचवत नाही, तिथे त्याने स्वतःची चाळणी खुंटीला टांगून ठेवली होती.

प्रभावही सरळ रेषेत गेला नाही. इब्न अल्-हैसमचा ग्रंथ लॅटिनमध्ये गेला, तेराव्या शतकातल्या रॉजर बेकनसारख्या युरोपीय विद्वानांनी वाचला, 1572 मध्ये छापला गेला आणि केप्लरपर्यंत पोहोचला. इब्न खल्दूनला सतराव्या शतकात तुर्की इतिहासकार वाचत होते, युरोपने त्याच्याकडे गंभीरपणे पाहिलं ते एकोणिसाव्या शतकात. अल्-बिरूनीचं भारताचं पुस्तक इंग्रजीत आलं 1888 मध्ये, साडेआठशे वर्षांनी. त्यामुळे 'यांच्यामुळेच युरोपात विज्ञान आलं' असं एका दमात लिहिलेलं दिसलं, तर तिथेही थांबून विचारा: कोणामुळे, कुठल्या वाटेने?

भाचीचा शेवटचा प्रश्न होता, अल्-बिरूनी मेला कसा? त्याची एक गोष्ट आहे. तो शेवटच्या घटका मोजत असताना ओळखीचा एक कायदेपंडित भेटायला आला. अल्-बिरूनीने त्याला वारसाहक्कातला एक अडलेला मुद्दा विचारला. पंडित म्हणाला, अशा अवस्थेत आता कशाला? तो म्हणाला, हे न कळता जाण्यापेक्षा कळून गेलेलं बरं. पंडिताने समजावलं, त्याने ते म्हणून दाखवलं, आणि पंडित बाहेर रस्त्यावर पोहोचतो न पोहोचतो तोच घरातून रडण्याचा आवाज आला.

"खरं आहे हे?" तिने विचारलं. मी म्हटलं, लिहिणारा याकूत नावाचा, अल्-बिरूनीनंतर दीडशेहून जास्त वर्षांनी होऊन गेलेला. गोष्ट त्या पंडिताच्या तोंडची म्हणून दिली आहे. आता पुढचं तू बघ.

तिने वहीत दोन रकाने आखले. 'लोक सांगतात' आणि 'पाहिलं'. गोष्ट पहिल्या रकान्यात लिहिली, आणि थोडा वेळ पेन्सिल तशीच धरून बसली.